डावरी सुरी

डोंगरातल्या हिनोतानी गावच्या बालवाडीत चौतीस वर्षांत पाच मोठ्या बाई आल्या आणि गेल्या, पण मदतनीस किनूबाई काही जागची हलली नाही. कागदावरचं तिचं काम म्हणजे पोरांना मुतायला नेणं, शेंबडं नाक पुसणं, दुपारी गाद्या घालणं आणि मुतलेल्या गाद्या उन्हात टाकणं. कागदावर नसलेलं काम म्हणजे सुऱ्या.

अशा बारा सुऱ्या होत्या. पातं जेमतेम बोटभर, मूठ पांढऱ्या लाकडाची, पोराच्या पंजात बसेल एवढीच. पण धार खरी. पिकल्या टोमॅटोवर नुसती टेकवली तर आपल्याच वजनानं आत जायची. त्या सुऱ्या किनूबाईच्या बापानं घडवलेल्या.

बाप तोराकिची लोहार. कोयते आणि विळे हे त्याचं काम. त्याच्या भट्टीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, कारण भट्टीची देवी बाईमाणसावर जळते आणि रागावली की पोलाद ठिसूळ निघतं. किनूला आत डोकावायचीही चोरी. पण धारेचा दगड होता बाहेर, वळचणीखाली, पाण्याच्या कुंडीपाशी. तिथं देवीची हद्द संपत होती. सातव्या वर्षी पोर तिथं बसली ती लग्न होईपर्यंत. बाप आतून ओरडून शिकवायचा, "दगडाचं ऐक. खर्रखर्र म्हणाला तर हात चढलाय. शूं म्हणाला म्हंजे पातं बसलं. दगडाला तोंड हाय, तुला कान हायत, मला कशापायी इचारतीस?"

तोराकिचीचं प्रत्येक पातं एकाच अंगाला उतरतं असायचं. उजवी बाजू उताराची, डावी बाजू आरशासारखी सपाट. सपाट बाजूला कडक पोलाद, उताराच्या बाजूला मऊ लोखंड. उजव्या हाताच्या माणसाला असं पातं मिळालं की त्याला दुसरं चालत नाही. डोंगरापलीकडचा एक लाकूडतोड्या तेवढा डावरा होता. त्याचा कोयता उलट्या अंगाचा. वर्षातून एकदा तो दगडावर आला की किनूचे हात गोंधळायचे आणि बाप आतून हसायचा.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, युझूच्या, म्हणजे लिंबासारख्या आंबट फळाच्या, बागा असलेल्या घरात. सव्विसाव्या वर्षी नवरा बागेच्या उतारावरून घसरून खाली गेला तो परत वर आलाच नाही. लेक दोन वर्षांचा. त्याला पाठीला बांधून ती बालवाडीत कामाला लागली. लेक मोठा होऊन नागोयाला गेला, तिथलाच झाला. किनूबाई बालवाडीचीच राहिली.

सुऱ्या कशा आल्या, तर तेव्हाच्या मोठ्या बाईंनी शहरातून प्लास्टिकच्या सुऱ्या मागवल्या होत्या. पोरांनी स्वतः लावलेली, स्वतः उपटलेली रताळी स्वतःच कापायची होती. पोरांनी सुऱ्या दाबल्या, रताळी टेबलावरून उडाली, एक थेट मोठ्या बाईंच्या चष्म्यावर. किनूबाई म्हणाली, "बोथट सुरी चावती, धारंची कापती. पोराला दाबायला लावलं की हात सटकणारच." मोठ्या बाई म्हणाल्या, "मग आणा तुमच्या धारेच्या." त्या हे चिडून म्हणाल्या होत्या, पण किनूबाईनं ते खरं धरलं. बापाचा तो शेवटचा हिवाळा. खोकत खोकत त्यानं बारा पाती उतरवली.

तेव्हापासून दर गुरुवारी बालवाडीत मोठं पातेलं चुलीवर चढायचं. आषाढ असो की बर्फ, पोरं परसातला भाजीपाला आणायची, धुवायची, चिरायची. चार वर्षांच्यांनी तोफू, पाच वर्षांच्यांनी मुळा आणि गाजर. रशात घालायचं मिसोही त्यांचंच, थंडीत उकडलेलं सोयाबीन पिशवीत भरून त्यावर थयथय नाचून केलेलं. किनूबाईची शिकवण एवढीच: सुरीच्या हाताकडे बघायचं नाही, तो आपलं काम जाणतो. बघायचं दुसऱ्या हाताकडे. त्याची बोटं मांजराच्या पंजासारखी आत मुडपलेली पाहिजेत. "मांजर झोपलं का?" ती विचारायची. "झोपलं!" पोरं ओरडायची. मग कापायचं. चौतीस वर्षांत खरचटलं पुष्कळ, चिकटपट्ट्या पुष्कळ लागल्या. टाके एकदाही पडले नाहीत.

त्या साली नागी आली. पाच वर्षांची, ओसाकाला जन्मलेली. आई घटस्फोट घेऊन गावी परतली होती आणि खालच्या शहरात इस्पितळात कामाला जायची. बालवाडी सुटली की पोर आईच्या आईकडे, योशिनो आजीकडे. नागी डावरी होती. डाव्या हातानं चित्र काढायची, डाव्या हातानं जेवायची, आणि ते बघून आजीचा घास घशात अडकायचा.

"आमच्या घरात सात पिढ्यांत असलं न्हाय," योशिनो आजी बालवाडीच्या फाटकात किनूबाईला म्हणायची. "चार लोकांत जेवायला बसली की शेजारच्याच्या कोपराला कोपर लागतंय. माझ्या नणंदंचा पोरगा आसाच हुता. हात बांधला, सहा महिन्यांत सरळ!"

"अन् आत्ता कसा हाय त्यो?"

"तोतरा हाय. पर जेवतो उजव्या हातानं."

हिनोतानीत हे असंच चालत आलेलं. डावरं पोर जन्मायचं, पण बालवाडीत येईपर्यंत घरच्यांनी त्याला सरळ केलेलं असायचं. त्यामुळे चौतीस वर्षांत किनूबाईच्या चिरायच्या पाटासमोर डाव्या हातात सुरी घेतलेलं पोर कधी उभंच राहिलं नव्हतं. आताच्या मोठ्या बाई, मिझुहो, एकतीस वर्षांच्या. किनूबाईच्या लेकापेक्षाही लहान. त्यांनी सांगितलं, "किनूबाई, नागीला ज्या हातानं जमतं त्याच हातानं करू द्या. जबरदस्ती नको."

किनूबाईला ते पटलं. मिझुहोबाईंना पोरांतलं कळत होतं, पण सुरीतलं नाही. किनूबाईला सुरीतलं कळत होतं, आणि नेमकं त्या दिवशी तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

कार्तिकातला गुरुवार होता. मुळे पोरांच्या दंडाएवढे जाड झालेले. नागीनं डाव्या हातात सुरी घेतली, उजव्या हाताचं मांजर झोपवलं. पहिली चकती कापली. दुसरी कापली. मग म्हणाली, "बाई, सुरी पळतेय."

"पळती कुठं? तिला काय पाय हायत? हळू काप," किनूबाई म्हणाली आणि पलीकडच्या पोराच्या नाकाला गेली.

ती वळली तेव्हा पाटावर रक्त होतं. नागी रडत नव्हती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत होती, आणि मग किनूबाईकडे. "पळाली," ती एवढंच म्हणाली.

दोन टाके पडले.

दुपारपर्यंत गावभर झालं. आई कामावरून धावत आली. तिनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. बोलली ती आजी. "मी सांगत हुते! डाव्या हातात सुरी म्हंजे माकडाच्या हातात कोलीत! आता पट्टी सुटू दे, त्यो डावा हात मी पाठीमागं बांधते का न्हाय बघा." बाकीच्या आयाही म्हणाल्या, डावा हात, व्हायचंच होतं. मिझुहोबाईंचा चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी बारा सुऱ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "शनिवारी पालकांची सभा घेते. आता सगळे मिळून ठरवू, किनूबाई. मला एकटीला नाही झेपणार."

पोरं निजल्यावर किनूबाई मोरीत पाट धुवायला बसली. नागीच्या पाटावरच्या दोन चकत्या तशाच होत्या. तिनं एक उचलली. वरून बोटभर जाड, खाली कागदासारखी. पाचर. दुसरी उचलली. ती तशीच.

पाणी चालूच राहिलं.

उजव्या अंगाचं पातं डाव्या हातात गेलं की बाहेर पळतं. पोरीनं ते पुन्हा पुन्हा आत ओढलं असणार. ओढताना मनगट वाकलं, मांजर जागं झालं, आणि पातं उसळून बोटावर आलं. सुरी पळते, असं तिनं सांगितलं होतं. लोहाराच्या लेकीला याहून सरळ काय सांगायचं? त्या लाकूडतोड्याचा उलटा कोयता किनूबाईच्या हातांतून गेला होता, एकदा नव्हे, बारा-पंधरा वेळा. आणि ती विसरली.

आता गाव म्हणत होतं, हाताची चूक. मुकाट राहिलं तर किनूबाईवर काहीच येत नव्हतं. कदाचित सुऱ्याही परत मिळाल्या असत्या. डाव्या हाताला बंदी, बाकी सगळं पूर्ववत. नागीचा हात मात्र बांधला गेला असता. बोललं तर खालच्या गावकचेरीपर्यंत जाणार: ज्या बाईला पात्याचं अंग कळलं नाही, तिच्या हातात पोरं आणि सुऱ्या कशा द्यायच्या? मग बापाची बारा पाती कपाटात गंजणार आणि किनूबाई गाद्या वाळत घालणार. तिनं चकत्या तोंडात टाकल्या, दोन्ही. कच्चा मुळा, तिखट. चावून गिळल्या. गिळल्यावर तिला कळलं की पुरावा आपण खाऊन बसलो, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती घोटभर पाणीही प्यायली नाही.

शुक्रवारी पहाटेच ती वरच्या भट्टीकडे गेली. बापाचा शागीर्द इवाओ आता सत्तरीचा, गावात भट्टी पेटती ठेवणारा तो एकटाच. किनूबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत ये की. देवी आता म्हातारी झाली, तिला दिसत न्हाय," इवाओ म्हणाला.

"हितंच बरी हाय. इवाओदादा, बाबाच्या पोरांच्या सुऱ्या तुला ठावं हायत. तसली एक पायजे. डावरी."

"जुन्यातलीच एक दुसऱ्या अंगानं घास की. दगड तुझ्यापाशी हाय."

"दुसऱ्या अंगानं घासली तर पोलाद जाईल अन् लोखंड ऱ्हाईल. मला शिकवतोस?"

इवाओनं चिमटा खाली ठेवला. दोन टाक्यांची गोष्ट त्याच्या कानावर आली होतीच. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला उमगलं.

"तोराकिचीची लेक असून इसरलीस?"

"इसरले."

"म्हातारा असता तर ऐरणीवर घेतलं असतं तुला."

"आसता तर बरं झालं असतं. उद्या सकाळपतूर हुईल का?"

"एका दिसात? माणसाचं बाळंतपण बी एवढ्या घाईनं करत न्हाईत." असं म्हणत तो भात्याकडे वळलाच होता. "पोलादाला पाणी मी देतो. धार तू लाव. तुझं पाप, तुझा दगड."

शनिवारी बालवाडीच्या खोलीत पोरांच्या खुर्च्यांवर पालक बसले. बाप्यांचे गुडघे कानाशी आलेले. पुढे मिझुहोबाई, हातात कागद. योशिनो आजी पहिल्या रांगेत, नागीची आई तिच्या मागे. मिझुहोबाई काही बोलायच्या आत किनूबाईनं टेबलावर पाट ठेवला, त्यावर मुळा ठेवला, आणि किमोनोच्या अस्तनीतून एक नवी कोरी लहान सुरी काढली.

"किनूबाई, हे काय? सुऱ्यांचा विषय आहे म्हणून तर सभा आहे," मिझुहोबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"म्हणूनच, मोठ्या बाई. पाच मिनिटं द्या. सगळ्यांनी एकेक चकती कापायची, मग बोलायचं. पोरांस्नी आपण बघून शिका म्हणतो का? करून शिका म्हणतो. तसं."

आल्याची शेती करणारा तेत्सुरो पुढे आला. मनगट ओंडक्यासारखं. त्यानं सुरी उजव्या हातात धरली, मुळ्यावर ठेवली आणि दाबली. चकती पडली. वरून जाड, खाली कागद.

"तेत्सुरो, ही चकती हाय का दाराला लावायची पाचर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"बायको जेवायला देती का, ह्याच्यावरच?"

तो लाजला आणि दुसरी कापली. तीही पाचर. मग त्याची बायको आली, मग आणखी दोघी. रोज चिरणाऱ्या बाया. सगळ्यांच्या पाचरी. हसणं हळूहळू कमी झालं. पाटावर वाकड्या चकत्यांचा ढीग झाला.

"सरका," योशिनो आजी म्हणाली. "पन्नास वर्सं मुळा चिरतीया मी. डोळं झाकून चिरीन." तिनं सुरी धरली. पहिली चकती पाचर. आजीनं ओठ आवळले. दुसऱ्या चकतीला तिनं पातं आत ओढलं, मनगट मुरडलं, जोर दिला. डाव्या हाताचं पहिलं बोट पंजातून हळूच बाहेर आलं, तिच्या नकळत.

किनूबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब, आक्का. आता तुझं बी बोट गेलं असतं."

आजी आपल्या बोटाकडे बघत राहिली. मांजर जागं होतं.

"ही सुरी डावरी हाय," किनूबाई म्हणाली. "इवाओदादानं काल घडवली. डाव्या हातात दिली तर सरळ चालती. उजव्या हातात पळती. माझ्या बाच्या बारा सुऱ्या समद्या उजव्या. नागीला मी त्यातलीच दिली. पोरगी म्हणाली, सुरी पळती. मी तिची चेष्टा केली अन् दुसऱ्याचं नाक पुसायला गेले. लहानपणी मी ह्या हातानं डावरा कोयता घासलाय, मला ठावं हुतं. तरी इसरले. हाताची चूक न्हाय. माझी हाय. आता कुलूप सुऱ्यांस्नी लावायचं का मला, ते तुमी ठरवा."

ती खाली बसली. खुर्ची पोराची होती, करकरली.

तेत्सुरो पाचर उलटीसुलटी करत होता. "पर म्हंजे," तो म्हणाला, "आपण समदी मोठी माणसं, अन् आपल्याला पळती हे कळायला पाच मिनिटं लागली. पोरीनं दोन चकत्यांत वळखलं."

"अन् सांगितलं बी," त्याची बायको म्हणाली. "आपण सांगितलं का? आपण दाबत बसलो."

नागीची आई उठली. तिनं टेबलाशी येऊन सुरी उचलली, हातात तोलली, आणि मग सगळ्यांदेखत किनूबाईला म्हणाली, "मला राग आलाय. अजून दोन दिवस राहील. पण तिचा हात बांधू देणार नाही मी, एवढं आज मला कळलं." बोलताना ती किनूबाईकडे नव्हे, आपल्या आईकडे, योशिनो आजीकडे, बघत होती. योशिनो आजीनं तोंड फिरवलं आणि पाटावरची स्वतःची पाचर खाऊन टाकली.

सुऱ्या लगेच परत मिळाल्या नाहीत. नव्या वर्षापर्यंत कुलूप राहिलं. किनूबाईला गावकचेरीला माफीचं पत्र लिहावं लागलं. तिनं ते चारदा लिहिलं, कारण पहिल्या तिन्ही वेळेस पत्रात माफीपेक्षा पोलादाचंच जास्त लिहून झालं. कचेरीतून लेखी ताकीद आली, ती तिनं स्वयंपाकघरात चुलीच्या वर चिकटवली. आणि ठरलं असं की कोण कुठल्या हातानं कापतं ते मिझुहोबाईंनी वहीत लिहायचं आणि डावऱ्या सुरीच्या मुठीला लाल दोरा बांधायचा. मिझुहोबाईंनी स्वतःहून आणखी एक ठरवलं: बुधवारी दुपारी त्या धारेच्या दगडापाशी बसू लागल्या. पहिल्या बुधवारी बोटाचं सालटं गेलं.

"खर्रखर्र म्हणतोय, ऐकू येतंय का?" किनूबाई म्हणायची.

"मला सगळं सारखंच ऐकू येतं हो."

"मला बी वर्सभर तसंच यायचं. घासा."

सुऱ्या परत आल्या, तरी नागी पाटाजवळ फिरकली नाही. दोन गुरुवार ती कोपऱ्यात बसून रशात घालायची कंदाची लिबलिबीत वडी हातानं तोडत होती. ते काम सुरीनं करायचंच नसतं, तोडल्यावर रस जास्त मुरतो. किनूबाई तिला पाटाकडे बोलावत नव्हती. नुसती लाल दोऱ्याची सुरी तिच्या बाजूला, मूठ तिच्याकडे करून ठेवायची आणि दुसरीकडे जायची.

तिसऱ्या गुरुवारी नागीनं सुरी उचलली. बोटावर गुलाबी व्रण होता. ते बोट तिनं आधी मुडपलं, मग बाकीची. एक चकती पडली. तिनं ती उचलून उजेडाकडे धरली, कडेनं बघितली, खाली ठेवली. दुसरी कापली. किनूबाई तेव्हा नाक पुसत नव्हती. पलीकडचं पोर शेंबूड ओठापर्यंत येईस्तोवर थांबलं होतं.

"ही पळत नाही," नागी म्हणाली.

"बरं," किनूबाई म्हणाली आणि मग त्या पोराच्या नाकाला गेली.

त्या आठवड्यात योशिनो आजी बालवाडीच्या मागच्या दारी आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली घरची सुरी.

"कार्टी घरी बी आता चिरायला मागती. एका सुरीनं दोघींनी कसं चिरायचं? ही दोन्ही अंगांनी घासून दे."

किनूबाईनं पातं उजेडात धरलं. तोराकिचीचंच होतं, मुठीपाशी त्याची खूण. "दोन्ही अंगांनी घासली तर ती तुझी बी ऱ्हाणार न्हाय अन् तिची बी न्हाय, आक्का. दुसरी घे. वर इवाओदादाला सांग, तो करून दील."

"डावरी सुरी? माझ्या घरात?"

"तुझ्या घरात डावरा हात हाय, मग सुरी नगं का?"

आजी बराच वेळ पुटपुटत राहिली. सात पिढ्या काढल्या, नणंदेचा पोरगा काढला. किनूबाईनं तोवर जुनी सुरी दगडावर घेतली. दोनदा खर्र झालं, मग शूं. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ती आजीच्या हातात दिली.

आजी फाटकापर्यंत गेली. तिथून घराकडे डावीकडे वळायचं असतं. ती वर, भट्टीच्या वाटेला लागली.